कुलदीपक, शेवटून पहिला

माननीय शर्यत नियामक मंडळ, तुम्ही एका घोड्याबद्दल खोटं लिहिलंत. चुकून नव्हे, घाईत नव्हे. चहा पिऊन, चष्मे पुसून, सगळ्यांनी मिळून लिहिलंत. एरवी तुमचं कशावर एकमत होतं? मैदानाच्या कुंपणाला रंग कोणता द्यायचा यावर तुम्ही अख्खा हंगाम भांडलात आणि शेवटी अर्धं कुंपण पांढरं, अर्धं हिरवं केलंत. पण एका पोरसवदा घोड्याला नालायक ठरवताना मात्र तुमच्यातल्या एकाचाही हात अडखळला नाही. म्हणून काय झालं ते पहिल्यापासून सांगावं लागतंय. तुम्ही तिथे हजर होतात हे मान्य. पण हजर असणं आणि बघणं ही कामं तुमच्या मंडळात बहुधा वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत.

ज्याच्या हातून सगळं घडलं तो माणूस म्हणजे नंबरकाका. खरं नाव आता बायकोलाही आठवून सांगावं लागतं. सगळी नोकरी पाणीपट्टीच्या खिडकीमागे गेली, आणि रांगेबाहेरून आलेला हात त्यांनी कधी खिडकीच्या आत येऊ दिला नाही. मान वर न करता विचारायचे, "नंबर कोणाचा?" एकदा खुद्द सासरे गडबडीत पुढे घुसले, तर त्यांनाही शेपटाला पाठवलं. सासरे गेले, उभे राहिले, बिल भरलं, आणि तिथून पुढे जावयाशी जे काय बोलायचं ते मुलीमार्फत बोलू लागले.

बढतीच्या रांगेतही काकांचा नंबर कायम दुसरा राहिला. पहिल्या नंबरावर दर वेळी कोणीतरी नवीन असायचं. कधी साहेबांचा भाचा, कधी मोठ्या साहेबांचा जावई, एकदा तर साहेबांच्या टेनिसमधल्या जोडीदाराचा मुलगा, ज्याला पाणी नळातून येतं एवढीच त्या खात्याची माहिती होती. काकू चिडायच्या. काका म्हणायचे, रांग आहे, सरकेल. रांग सरकत राहिली, काका तिथेच राहिले, आणि शेवटी त्याच खिडकीमागून हार घालून घरी आले.

असा माणूस घोड्याच्या वाटेला गेलाच कसा? मेहुण्यामुळे. ज्याला मेहुणा आहे त्याला याहून जास्त खुलासा लागणार नाही.

मेहुण्याने चार भागीदार जमवले. एक तो स्वतः, दुसरे दातांचे डॉक्टर, तिसरे सोसायटीचे सेक्रेटरी आणि चौथे काका. घोड्याला पाय चारच असल्यामुळे हिशोब सोपा होता. पुढचा उजवा मेहुण्याने ठेवला, पुढचा डावा डॉक्टरांनी, मागचा उजवा सेक्रेटरींनी. मागचा डावा उरला तो काकांचा. काकांनी तक्रार केली नाही. शेवटी आले होते, शेवटचा पाय मिळाला; यात अन्याय काय?

घोडा मात्र खानदानी होता. बाप मोठमोठ्या ढाली जिंकलेला, आजी हयातभर न हरलेली, आणि चुलत्याचा तर मैदानाच्या दारात पुतळा आहे. मेहुणा ती वंशावळ असल्या भक्तिभावाने म्हणून दाखवायचा की ऐकणाऱ्याने चपला काढाव्यात. एवढ्या घराण्यातलं शिंगरू या चौघांच्या आवाक्यात आलं, कारण त्याचा डावा कान लोंबता होता. मोठ्या माणसांना घोडा कानापासून आवडावा लागतो. डॉक्टरांनी खरेदीआधी त्याचं तोंड उघडून बघितलं आणि सवयीने, मागच्या दाढेला पुढेमागे त्रास होईल, असं सांगितलं. नाव आधीच ठेवलेलं होतं, कुलदीपक.

तर दर रविवारी सकाळी काका तबेल्यावर जाऊ लागले. बाकीच्या तिघांना घोड्याचा वास सोसत नव्हता. काकांच्या खांद्याला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी पिशवी असायची, काकूंनी जुन्या गादीच्या खोळीतून शिवलेली, आणि पिशवीत गाजरं. अंगणात सकाळची रपेट झालेले घोडे हौदाकडे यायचे, आणि कुलदीपक सगळ्यांना ढोसत पहिला पिशवीत तोंड घालायचा. त्याच्यामागे एक म्हातारा घोडा असे, सगळे त्याला आजोबा म्हणत. त्या बिचाऱ्याच्या पायावर पाय देऊन हा पुढे.

आता हे नंबरकाकांच्या डोळ्यांदेखत व्हावं? त्यांनी पिशवी मिटली. कुलदीपकाची मान धरून त्याला वळवलं आणि पार शेपटाला, आजोबांच्याही मागे नेऊन उभं केलं. तो पुन्हा पुढे आला. पुन्हा मागे नेला. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हसून हसून घमेल्यावर बसला. शेवटी केव्हातरी घोडा मागे उभा राहिला तो राहिलाच, आणि काका चालत शेपटापर्यंत गेले आणि सगळ्यात पहिलं गाजर त्याला दिलं. जो मागे थांबतो त्याला आधी द्यायचं. खिडकीमागे बसून त्यांना जे कधी करता आलं नव्हतं, ते त्यांनी हौदाकाठी करून टाकलं.

पुढच्या रविवारांत कुलदीपक असा तयार झाला की बघत राहावं. कोपऱ्यावर पट्ट्यांची पिशवी दिसली रे दिसली, की हा आपण होऊन बाजूला सरकायचा, सगळ्यांना जाऊ द्यायचा आणि शेवटच्या घोड्यामागे बेताचं अंतर ठेवून उभा राहायचा. मोतद्दाराने काकांना सांगितलं, असं शहाणं जनावर मी पाहिलं नाही. ट्रेनरने मान हलवली. ट्रेनर प्रत्येक गोष्टीला मान हलवायचा. मान कुठल्या दिशेने हलली यावरून अर्थ काढायचा असे. शर्यतीच्या घोड्याला मागे राहायला शिकवतोय आपण, हे या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. काकांच्या तर येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या लेखी घोड्यावर संस्कार चालले होते.

मग पदार्पणाचा दिवस आला. अर्धी सोसायटी मैदानावर लोटली. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. काकांनी पिशवी बरोबर घेतली होती, शर्यत झाल्यावर पोराला काहीतरी गोड लागणार म्हणून.

फाटक उघडलं आणि कुलदीपक असा सुटला की बाकीचे घोडे त्याला निरोप द्यायला आलेत असं वाटावं. वळणावर तो एकटाच होता. मेहुण्याने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. सेक्रेटरी, जे सभेत कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आणि नंबरकाका, ज्यांनी जन्मात आवाज चढवला नव्हता, ते बाकावर चढले, खांद्यावरची पिशवी काढली आणि झेंड्यासारखी फडकवायला लागले.

कुलदीपकाचा लोंबता कान उभा राहिला. त्याने प्रेक्षकांकडे पाहिलं. मग वेग कमी केला, मागे वळून कोण कोण येतंय ते बघितलं, आणि अदबीने कठड्याकडे सरकला. एक घोडा गेला. दुसरा गेला. सगळे गेले. वर जॉकी हात, पाय, चाबूक आणि आई-बाप, जे जे हाताशी होतं ते सगळं वापरत होता. घोडा ढिम्म. शेवटचा घोडा गेल्यावर मात्र हा त्याच्यामागे लागला, बेताचं अंतर ठेवलं, आणि मान ताठ ठेवून डौलात रेषा ओलांडली. मग थांबून गर्दीकडे बघत राहिला. गाजराची वाट बघत होता, पण हे तेव्हा कोणाला कळणार?

काकूंनी पदर सावरला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्यावर गेलाय."

काका बाकावरून उतरले. संसारात त्यांनी बरंच ऐकलं होतं, पण हे वाक्य जिव्हारी लागलं.

पुढचे दिवस त्यांना जिना चढवेना. जिन्यात सल्ले उभे असायचे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, पहिल्या चाचणीवरून मुलाचं काही ठरवू नये, पण पाया कच्चा आहे. समोरच्या बाईंनी आपला मुलगा पहिल्या वर्षी कसा नापास झाला होता आणि आज परदेशात त्याचा बंगला कसा आहे ते पुन्हा सांगितलं. घोड्याला परदेशी पाठवावं असं त्यांचं म्हणणं होतं की काय, ते उलगडलं नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाने मागच्या पायांत दम नाही असं निदान केलं. ते ऐकून मेहुणा, डॉक्टर आणि सेक्रेटरी तिघेही काकांकडे बघायला लागले. मागचा उजवा सेक्रेटरींचा होता, पण त्यांनी तो लगेच निर्दोष असल्याचं जाहीर केलं. राहिला मागचा डावा.

"दाजी, राग मानू नका," मेहुणा म्हणाला, "पण तुमचा पाय जरा ओढतो."

इतका अपमान काकांचा खिडकीतही झाला नव्हता. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे बराच वेळ बघत राहिले.

या सगळ्याहून मोठी काळजी होती ती शेऱ्याची. माननीय मंडळ, तुमची ही पद्धत इतरांना ठाऊक नसेल म्हणून सांगायचं: कोवळा घोडा पहिल्यांदा धावला की तुम्ही त्याच्यावर एक शेरा मारता. त्या शेऱ्यावर त्याचं पुढचं सगळं. 'आशादायक' लिहिलंत तर तो धावत राहतो. 'अयोग्य' लिहिलंत तर मैदान बंद, आणि मग मालक त्याला मिळेल त्याला देऊन टाकतात. कुलदीपकासाठी डॉक्टरांनी आधीच एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. बागेत पोरांना पाठीवर बसवून गोल गोल फिरवणारा एक माणूस. डॉक्टरांचं म्हणणं, नाहीतरी त्याला मागे मागे चालायची आवड आहे.

काकांना ही गोष्ट रात्रंदिवस कुरतडत होती. वळणावर तो घोडा कसा दिसला होता ते त्यांनी पाहिलं होतं. असं धावणारं जनावर गोल गोल फिरणार?

शेऱ्याच्या ऐवजी आलं चौकशीचं बोलावणं. घोडा पुढे असताना मुद्दाम मागे खेचला, असा मंडळाला संशय होता, आणि संशयित होता जॉकी. दोषी ठरला तर पुन्हा खोगिराला हात लावायचा नाही. तो संध्याकाळी काकांकडे आला. खुर्चीवर बसला तर पाय जमिनीला टेकत नव्हते, नुसते हवेत हलत होते. काकूंनी पाणी दिलं तेव्हा म्हणाला, "काका, देवाशपथ, मी त्याला ओढला नाही. मी त्याच्या हातापाया पडत होतो."

काकांनी त्याला धीर दिला. म्हणजे, मंडळात मोठी माणसं आहेत, नीट बघतील, असं सांगितलं. काकूंनी पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला.

चौकशीची खोली तुम्हाला माहीतच आहे. लांब टेबल, भिंतीभर घोड्यांच्या तसबिरी, सगळे घोडे एकाच बाजूला तोंड करून, जणू त्यांनाही अध्यक्षांकडे पाठ करायची मनाई आहे. अध्यक्षांची खुर्ची बाकीच्यांपेक्षा उंच. अध्यक्षांचं घराणंही घोड्यांतलंच; वडील अध्यक्ष, आजोबा अध्यक्ष, आणि मेहुण्याचा मोठा तबेला. मेहुणे सगळीकडे असतात.

पडद्यावर शर्यतीची फिल्म लावली. घोडा सुटला, वळण आलं, घोडा थबकला. अध्यक्ष म्हणाले, बघा. पुन्हा लावली. एक सभासद म्हणाले की जॉकीची कोपरं बघा. पुन्हा लावली. दुसरे म्हणाले, कोपरं नाही, गुडघे. जॉकी म्हणाला, साहेब, मी चाबूक मारतोय. अध्यक्ष म्हणाले, तेच संशयास्पद आहे. इतका चाबूक खाऊन या घराण्यातला घोडा थांबेलच कसा? हे रक्त थांबणाऱ्यांतलं नाही. तेव्हा थांबवला तो माणसानेच.

काका मागच्या बाकावर बसले होते. तेही कोपरं बघत होते. आणि मग, फिल्म पुन्हा लागली तेव्हा, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, गर्दीच्या डोक्यांवर, त्यांना काहीतरी फडफडताना दिसलं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. ते फडफडायला लागलं, घोड्याचा कान उभा राहिला. कान उभा राहिला, घोडा थांबला.

काका कोपरं बघायचे थांबले. एक एक रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. हौद, आजोबा, मान धरून मागे नेणं, शेपटाला चालत जाऊन दिलेलं गाजर. 'तुमच्यावर गेलाय.' हे ओळखायला बायकोला फिल्मसुद्धा लागली नव्हती.

टेबलापाशी एवढ्या चष्म्यांपैकी एकालाही ती पिशवी दिसली नाही. गप्प बसले असते तर काकांचं काही बिघडत नव्हतं. जॉकीचा दोष, जॉकीला शिक्षा, घोड्याला कदाचित आणखी एक संधीही. पण पुढच्या बाकावर जॉकीचे पाय हवेत हलत होते. काका उठले. सवयीने आधी हात वर केला. कोणी बघितलं नाही, म्हणून तसाच वर ठेवून उभे राहिले. अखेर अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण? काका म्हणाले, मागचा डावा पाय.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना मंडळाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत होतं, ते समज असेल असं त्यांना वाटलं. हसू होतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं," अध्यक्ष म्हणाले, "हा घोडा सभ्य आहे?"

"होय साहेब. फार."

"या घराण्यात आजवर कोणी नव्हतं."

प्रात्यक्षिक दाखवा, असं ठरलं. मंडळ तबेल्यावर आलं. सकाळची वेळ, अंगण झाडलेलं, सभासदांच्या बुटांना लीद लागू नये म्हणून सतरंजी टाकलेली. काका पिशवी घेऊन हौदापाशी उभे. घोडे आत आले, कुलदीपक सगळ्यांच्या पुढे. पिशवी दिसली. कान उभा. बाजूला सरकला, सगळ्यांना जाऊ दिलं, आजोबांच्या मागे जाऊन उभा राहिला. इतकं सुरेख की एका सभासदाने नकळत टाळी वाजवली आणि मग हात खिशात घातले. जॉकीने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. सुटला बिचारा, तेवढं एक त्या दिवशी चांगलं झालं.

इथेच संपलं असतं तर बरं होतं. पण अध्यक्षांना नीट दिसत नव्हतं. उंच खुर्चीची सवय असलेल्या माणसाला जमिनीवरून दिसत नाही. ते सतरंजी सोडून आले, घोड्यांच्या बाजूने पुढे गेले आणि आजोबांना कोपराने सारून थेट पिशवीपाशी, सगळ्यांच्या आधी उभे राहिले.

कुलदीपक रांगेतून बाहेर पडला. शांतपणे पुढे आला, अध्यक्षांच्या कोटाचं शेपूट दातांत धरलं, आणि मागे मागे पावलं टाकत त्यांना सगळ्यांच्या देखत पार शेवटी नेऊन सोडलं. स्वतः त्यांच्या पुढे उभा राहिला.

मोतद्दार खांबाआड गेला. खांब हलत होता.

आता शहाण्या माणसाने धावत जाऊन माफी मागितली असती. काका गेलेही धावत. पण हात कोणाचं ऐकतात का? इतक्या रविवारांची सवय. शेवटी उभ्या असलेल्याला पहिलं. काकांनी पिशवीत हात घातला आणि अध्यक्षांच्या तोंडासमोर गाजर धरलं.

शेरा दोन दिवसांत मैदानावरच्या फळ्यावर लागला. माननीय मंडळ, तुमचीच अक्षरं: "घराण्याच्या मानाने अत्यंत निराशाजनक. ईर्ष्येचा अभाव. स्वभाव उद्धट. शर्यतीस कायमचा अयोग्य." आता उद्धट आणि ईर्ष्याहीन एकाच वेळी कसं असायचं, हे तुमच्याकडे बघितल्याशिवाय समजणं कठीण.

त्याच फळ्यावर, त्याच्या शेजारी, दुसरा एक शेरा होता. त्याच बापाचा दुसरा घोडा, नाव सरदार, तबेला अध्यक्षांच्या मेहुण्याचा. त्याचंही ते पदार्पणच. सुटल्या सुटल्या त्याने शेजारच्या घोड्याला कठड्यावर रेटलं, दुसऱ्याच्या वाटेत आडवा घुसला आणि तिसऱ्याचा स्वार खाली पाडला. शिवाय शर्यत जिंकली नाही ती नाहीच. त्याचा शेरा: "आक्रमक. नेतृत्वगुण जन्मजात. अत्यंत आशादायक." काका ते वाचत उभे राहिले. त्यांना आपले सगळे साहेब एकापाठोपाठ एक आठवले, भाचे, जावई, टेनिसवाल्याचा मुलगा. कोणी कोणाला कठड्यावर रेटलं होतं तेही आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक शिवी दिली. हळू दिली, पण पूर्ण दिली.

बागेवाला येऊन घोडा बघून गेला. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेर सोक्षमोक्ष. काका रोज सकाळी तबेल्यावर जायला लागले. आता जो पहिला येईल त्याला गाजर. कुलदीपक शेपटाला जाऊन उभा राहायचा आणि डोळ्यांत प्राण आणून बघायचा. काका हौदाकडून हाका मारायचे, ये रे, पुढे ये, घूस. 'घूस' हा शब्द त्यांच्या घशातून निघताना असा अडकायचा की मोतद्दाराला वाटे यांना काहीतरी होतंय. एका सकाळी त्यांनी घोड्याला मिठी मारली आणि त्याच्या लोंबत्या कानात सांगितलं की बाबा, मी शिकवलं ते चुकीचं होतं. मग पाठ वळवून डोळे पुसले आणि नाक शिंकरलं.

घोडा काकांपेक्षा लवकर शिकला. काही दिवसांतच असा झाला की पिशवी दिसली की अंगणातली माती उडायची. ट्रेनरने त्याला मैदानावर काढला, तबेल्यातल्या सगळ्यात वेगवान घोड्याबरोबर सोडला, आणि काकांनी पलीकडच्या टोकाला पिशवी धरली. वेगवान घोड्याला कुलदीपकाचं फक्त शेपूट दिसलं. ट्रेनरने मान हलवली, आणि या वेळी दिशा सगळ्यांना कळली. जॉकी खाली उतरून म्हणाला की काका, याच्यावर मी डोळे झाकून बसेन, फक्त तुम्ही पिशवी घेऊन योग्य ठिकाणी उभे राहा.

तेव्हा हवं होतं एवढंच: तुम्ही त्याला एकदा पुन्हा बघायचं. एक धाव. शेरा फिरवायला अर्ज करता येतो असं कळलं, आणि अर्ज कुठे करायचा, तर तुमच्या मंडळाच्या खिडकीवर.

काका-काकू खिडकीवर गेले. रांग होती. काका बिनतक्रार शेवटी उभे राहिले, पिशवी खांद्याला. खिडकीमागचा माणूस मान वर न करता म्हणाला की साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. उद्या आले तर साहेब मैदानावर. परवा खिडकीच बंद, काचेवर पाटी. महिनाअखेर जवळ येत होती. काका रोज शेवटून सुरुवात करत होते. आणि रोज कोणी ना कोणी रांगेच्या बाजूने सरळ चालत जायचं, शिपाई उठून दार उघडायचा, दार बंद व्हायचं. त्या सकाळी गेला तो अध्यक्षांचा मेहुणा. हातात सरदारचा कसलासा कागद, तोंडात शीळ.

काका बाजूला सरकले. त्याला वाट द्यायला. अदबीने.

काकूंनी ते बघितलं. त्या काही चिडल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात, भाजीचं विचारावं तसं विचारलं, "अहो, घोडा शिकला. तुम्ही कधी शिकणार?"

रांगेतल्या दोघा-तिघांनी ऐकलं आणि खाली बघितलं. काकांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला आणि रांगेतून बाहेर पाऊल टाकलं. एवढं एकच पाऊल, पण ते टाकताना त्यांचा मागचा डावा, म्हणजे त्यांचा स्वतःचा डावा पाय, चांगलाच जड झाला होता. ते दारापाशी गेले. शिपाई म्हणाला, लाइनमध्ये या. काका म्हणाले, "होतो." आणि आत गेले.

आत तुम्ही सगळे होतात. चहा होता. अध्यक्षांनी आधी पिशवी पाहिली, आणि खुर्ची टेबलापासून मागे सरकवली, हे बाकीच्यांनीही पाहिलं. मेहुण्याची शीळ थांबली. काकांनी पिशवी उतरवून टेबलावर ठेवली, तुमच्या कपांच्या मधोमध. खिडकीमागे अख्खी नोकरी काढलेल्या माणसाचा आवाज तो, शेवटच्या माणसापर्यंत पोचतो.

"माझ्या घोड्याला पुन्हा धावू द्या," ते म्हणाले. "तो मागे राहायला माझ्याकडून शिकला, ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. मी तुमच्यासारख्यांकडून शिकलो. ते कोण काढून घेणार?"

तुमच्यापैकी एकाने घंटी वाजवली. शिपाई आला आणि दारातच उभा राहिला, कारण त्याच्यामागे, त्याला बाजूला सारून, रांग आत आली होती.

तर माननीय मंडळ, ही हकीकत अशी आहे. बागेवाला महिनाअखेरीला येतोय. घोडा तबेल्यात खूर आपटतोय. काका अजून तुमच्या टेबलासमोर उभे आहेत, काकू त्यांच्या शेजारी, आणि पिशवी तुमच्या कपांमध्ये. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगू नका. मीटिंग हीच आहे. कुलदीपक पुन्हा धावणार की नाही, हो किंवा नाही, आत्ता, त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा. आज नंबर त्यांचा आहे.